सेसिलिया पेन यांचा शोध कुणी चोरला नव्हता; अन्याय झाला तो वेगळाच

महिला दिन जवळ आला की विज्ञानाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. इंग्रजीत तो बरीच वर्षं फिरत होता, आता मराठीतही आला आहे. त्याचं सार असं: 'न्यूटनने गुरुत्वाकर्षण शोधलं, डार्विनने उत्क्रांती शोधली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण विश्व कशाचं बनलंय हे शोधणारी सेसिलिया पेन कुणालाच माहीत नाही. आईने तिच्या कॉलेजसाठी पैसे दिले नाहीत. केंब्रिजने बाई म्हणून पदवी नाकारली, तेव्हा ती तडक उठून अमेरिकेत हार्वर्डला गेली. तिथे तिने एकटीने हा शोध लावला. हेन्री नॉरिस रसेल या बड्या शास्त्रज्ञाने तिला तो छापू दिला नाही आणि चार वर्षांनी स्वतःच्या नावावर खपवला. रूपविकारी (तेज कमीजास्त होत राहणाऱ्या) ताऱ्यांबद्दल आज जे काही माहीत आहे ते सगळं तिच्यामुळे. हार्वर्डची ती पहिली महिला प्राध्यापक. आणि एवढं करून तिच्या नावाची साधी पाटीही कुठे नाही.'

मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. हा मजकूर मला विद्यार्थी पाठवतात, सहकारी पाठवतात, नात्यातल्या बायका पाठवतात, आणि सगळे चांगल्या मनाने पाठवतात. पेनबाईंबद्दल मला अपार आदर आहे आणि म्हणूनच हा मजकूर मला सलतो. त्यातली काही वाक्यं खरी आहेत, काही अर्धी खरी, काही साफ चुकीची. पण माझं दुखणं निव्वळ चुकांचं नाही. चाळीसपन्नास वर्षांच्या कामाचं एक आयुष्य, एक खलनायक आणि एक चोरी एवढ्यात बसवून टाकल्यावर त्या आयुष्यात खरोखर काय अडचण होती ते दिसेनासं होतं, आणि शोध नेमका कसा लागला तेही. म्हणून एकेक दावा घेऊन बोलते.

आई आणि केंब्रिजपासून सुरुवात करू. सेसिलिया पेन यांचा जन्म १० मे १९०० चा, इंग्लंडमधल्या वेंडोव्हर गावचा. वडील लंडनमध्ये वकिली करत, इतिहास लिहीत, संगीतातही मुरलेले होते. मुलगी चार वर्षांची असताना ते गेले. तीन मुलं विधवा आईने एकटीने वाढवली. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी घर लंडनला हलवलं, हेही खरं. सेसिलिया यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि १९१९ मध्ये केंब्रिजच्या न्यूनम या मुलींच्या कॉलेजात गेल्या. त्या काळी मुलगा आधी, मुलगी मागाहून, हा घरोघरचा हिशेब होता. तो चुकीचाच होता, पण तेवढ्यासाठी त्या आईला शंभर वर्षांनी जगभर दुष्ट ठरवायचं कारण नाही.

केंब्रिजचं म्हणाल, तर मजकूर वाचून वाटतं की एका हुशार मुलीला तिथे मुद्दाम डावललं. प्रत्यक्षात केंब्रिजने १९४८ पर्यंत कुठल्याच बाईला पूर्ण पदवी दिली नाही. पेनबाई तिथे शिकत असतानाच, १९२१ मध्ये, या प्रश्नावर मतदान झालं आणि बायकांना विद्यापीठाचं सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव पडला. निकालानंतर विद्यार्थ्यांचा एक जमाव जल्लोष करत न्यूनमवर चालून गेला आणि त्यांनी हातगाडीचे धक्के देऊन कॉलेजचं ब्राँझचं दार मोडलं. हे त्या ज्या कॉलेजात राहत होत्या त्याच कॉलेजात घडलं. रदरफर्ड यांच्या तासाला मुलींनी पहिल्या रांगेत वेगळं बसायचं असा नियम होता, आणि तिथे बहुतेक वेळा पेनबाई एकट्याच असत. रदरफर्ड रोज त्यांच्याकडे बघत ठसक्यात 'बायांनो आणि गृहस्थहो' अशी सुरुवात करत आणि मागची सगळी मुलं पाय आपटून टाळ्या पिटत. आपण बाई म्हणून शिकायला आलो याची जाणीव अशी रोज, तासाच्या सुरुवातीलाच, करून दिली जायची.

पण त्यामुळे त्या रागाने देश सोडून गेल्या, हे खरं नाही. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना वाकतो हे केंब्रिजचे खगोलज्ञ एडिंग्टन यांनी मोजून दाखवलं होतं. त्यावरचं त्यांचं व्याख्यान ट्रिनिटी कॉलेजच्या मोठ्या दालनात झालं. न्यूनमच्या वाट्याला त्याची चारच तिकिटं आली होती. एका मैत्रिणीला जाता आलं नाही, तिचं तिकीट पेनबाईंना मिळालं. वनस्पतिशास्त्र शिकायला आलेली ही मुलगी खोलीवर परतली ती सगळं व्याख्यान शब्दन्शब्द लिहून काढायला, आणि नंतर तीन रात्री तिला झोप लागली नाही. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र हा त्यांचा रस्ता तिथे ठरला. एडिंग्टन यांनी त्यांना प्रोत्साहनही दिलं आणि सोडवायला प्रश्नही दिले. पण इंग्लंडमध्ये खगोलशास्त्र शिकलेल्या बाईला पुढे शाळेत शिकवण्यापलीकडे दार नव्हतं. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅपली लंडनला व्याख्यानासाठी आले तेव्हा पेनबाई त्यांना भेटल्या. शॅपली नुकतेच वेधशाळेत उच्च शिक्षणाचा वर्ग उभा करत होते आणि त्यांच्याकडे बायकांसाठीची एक छोटी फेलोशिप होती. तिच्यावर पहिल्या आलेल्या ॲडलेड एम्स, दुसऱ्या पेनबाई. १९२३ मध्ये त्या बोटीत बसल्या त्या वाट दिसली म्हणून.

आता 'एकटीने'.

हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण भारतीय वाचकासाठी या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच झाकतो. पेनबाईंच्या प्रबंधाचा कणा म्हणजे मेघनाद साहा यांचं समीकरण. ढाक्याजवळच्या खेड्यात, गरिबीत वाढलेले साहा कोलकात्यात शिकवत होते. १९२० मध्ये त्यांनी सूर्याच्या वर्णावरणातल्या (वातावरणाच्या एका थरातल्या) आयनीभवनाबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. अमुक तापमानाला आणि अमुक दाबाला एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेला असेल, हे त्या समीकरणातून काढता येतं. तोवर ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची रंगांत फोड केलेले पट्टे, नुसते ओळीने लावून ठेवलेले होते. त्यांच्यात फरक का पडतो याचं उत्तर मुख्यतः तापमानात आहे, हे साहा यांच्यामुळे कळलं. पुढे केंब्रिजमध्ये फाउलर आणि मिल्न यांनी ते गणित आणखी पुढे नेलं. पेनबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा मिल्न यांनी त्यांना सांगितलं होतं, की तुझ्यासारखी संधी मला मिळाली असती तर मी साहा यांचा सिद्धांत निरीक्षणांवर ताडून पाहिला असता. त्यांनी जाऊन तेच केलं.

आणि निरीक्षणं कुठली? हार्वर्डच्या काचेच्या प्लेटा. दुर्बिणीपुढे लोलक लावून घेतलेली आकाशाची छायाचित्रं, आणि त्यात प्रत्येक ताऱ्याच्या जागी एक छोटासा पट्टा, पट्ट्यावर आडव्या काळ्या रेघा, प्रत्येक मूलद्रव्याच्या आपापल्या ठरावीक जागी. ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाखांहून जास्त ताऱ्यांचे असे पट्टे भिंगाखाली बघून त्यांची वर्गवारी केली होती. त्यांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर कितीतरी बायकांनी तुटपुंज्या पगारावर त्या प्लेटा मोजल्या होत्या. पेनबाईंच्या हाती हा खजिना आयता होता, आणि त्याचा अर्थ लावायचं गणित कोलकात्याहून निघून केंब्रिजमार्गे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. दोन्ही एकत्र आणायची बुद्धी मात्र सर्वस्वी त्यांची.

हे नेमकं काय होतं ते एका उदाहरणाने बघू, कारण एवढं समजलं की पुढचं रसेल-प्रकरण आपोआप उलगडतं. सूर्याच्या वर्णपटात जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या दोन रेघा फार ठसठशीत दिसतात. हायड्रोजनच्या रेघाही दिसतात, पण त्या मानाने फिक्या. साधा माणूस म्हणेल, सूर्यावर कॅल्शियम जास्त असणार. पण वर्गात मोठ्याने बोलणारी चार मुलं ऐकू येतात म्हणून वर्गात चारच मुलं आहेत असं होत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. एवढ्या तापमानाला जवळजवळ सगळं कॅल्शियम एकेक इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं असतं, आणि त्या ठळक रेघा नेमक्या अशाच आयनांच्या असतात. म्हणजे जवळपास प्रत्येक अणू रेघेला हातभार लावतो. हायड्रोजनची डोळ्यांना दिसणारी रेघ उमटायची तर त्याचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला हवा. तिथे चढायला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. गणित करून पाहिलं तर सूर्याच्या तापमानाला साधारण १८ कोटी अणूंमागे एकच अणू त्या पातळीवर असतो. आणि तरी रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे गप्प बसलेले अणू किती असतील!

पेनबाईंनी हाच विचार एका रेघेपुरता न ठेवता अनेक ताऱ्यांवर आणि १८ मूलद्रव्यांवर चालवला. सिलिकॉन, कार्बन, लोह वगैरेंचं आपापसातलं प्रमाण पृथ्वीवरच्यासारखंच निघालं. हेलियमचं प्रमाण प्रचंड निघालं. (या हेलियमशी आपल्या कोकणाचंही नातं आहे. त्याची पिवळी रेघ १८ ऑगस्ट १८६८ च्या ज्या ग्रहणात टिपली गेली त्याचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता, आणि तिथे त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो.) आणि हायड्रोजन तर धातूंच्या मानाने दहा लाख पट निघालं.

'विश्व कशाचं बनलंय ते शोधलं' हेही जरा आवरून म्हणायला हवं. त्यांनी मोजलं ते ताऱ्यांचं वातावरण, म्हणजे बाहेरचा थर. १९२५ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या आणि एडिंग्टन यांना म्हणाल्या की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन इतर कशाहीपेक्षा फार जास्त आहे. एडिंग्टन म्हणाले, 'ताऱ्यांमध्ये नव्हे, ताऱ्यांवर म्हणायचंय तुला.' आतही तेच आहे हे पटायला आणखी काही वर्षं आणि इतरांचं काम लागलं. शिवाय आज आपण जाणतो की तारे, ग्रह, वायू, आपण, हे सगळं साधं द्रव्य मिळून विश्वाच्या जेमतेम ५ टक्के भरतं. त्या ५ टक्क्यांत मात्र वजनाने सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि राहिलेलं जवळजवळ सगळं हेलियम, आणि हे चित्र जिथून सुरू झालं ते पंचविशीतल्या या बाईंच्या प्रबंधातून. एवढं मोठेपण पुरेसं आहे. ते फुगवायची गरज नाही.

आता रसेल. मजकुराचा सगळा जोर याच मुद्द्यावर आहे, म्हणून सविस्तर बघू.

प्रबंधाचं हस्तलिखित शॅपली यांनी प्रिन्स्टनला रसेल यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवलं. ताऱ्यांच्या वर्णपटाबाबत अमेरिकेत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. जानेवारी १९२५ च्या पत्रात रसेल यांनी बाकी कामाचं कौतुक केलं, पण हायड्रोजनबद्दल स्पष्ट लिहिलं: ते धातूंपेक्षा दहा लाख पटींनी जास्त असणं हे उघडच अशक्य आहे. त्यांच्या नकाराला त्या वेळी आधार होता. पृथ्वी तापवून सूर्याइतकी केली तर तिचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असं एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ रोलंड यांच्या काळापासून मानलं जात होतं आणि रसेल स्वतः तेच मांडत आले होते. शिवाय हायड्रोजनच्या रेघा सिद्धांताशी जुळत नाहीत, हे मूलद्रव्य काहीतरी वेगळं वागतं, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. १९२४ मध्ये रसेल यांनी कॉम्प्टन यांच्याबरोबर त्याचं एक स्पष्टीकरणही मांडलं होतं. ते चुकले होते. पण शोध पळवायचा म्हणून कुणी तो अशक्य ठरवत नाही. ज्याला तो खोटाच वाटतो, तो तसं म्हणतो.

'छापू दिला नाही' हे तर सरळ चूक आहे. १९२५ मध्ये पेनबाईंचा प्रबंध हार्वर्ड वेधशाळेच्या मालिकेतला पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला, आणि हायड्रोजनचे आकडे त्यातल्या तक्त्यात जसेच्या तसे आहेत. बदललं ते एक वाक्य. हायड्रोजन आणि हेलियम यांचं जे प्रचंड प्रमाण निघतं ते जवळजवळ नक्कीच खरं नाही, असं त्यांनी लिहिलं. आकडे ठेवले आणि त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला. नुकत्याच परदेशात आलेल्या, नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीवर त्या पत्राचा किती भार पडला असेल, हे वेगळं सांगायला नको. मला हे वाक्य दरवेळी वाचवत नाही. पण ते तक्त्याच्या शेजारीच आहे, आणि तक्ता आजही बरोबर आहे.

मग चार वर्षांत इतरांच्या वाटाही तिथेच येऊन मिळाल्या. १९२८ मध्ये जर्मनीत उन्झोल्ड, १९२९ मध्ये मॅक्रे. त्याच वर्षी रसेल यांनी सूर्याच्या वातावरणातल्या ५६ मूलद्रव्यांचं प्रमाण काढून मोठा लेख लिहिला आणि हायड्रोजनचं प्राबल्य मान्य केलं. त्याच लेखात त्यांनी लिहिलं की याआधीचं या प्रकारचं सगळ्यात महत्त्वाचं काम मिस पेन यांचं आहे, आणि आपले आकडे त्यांच्याशी समाधानकारकपणे जुळतात. दुसऱ्याचं नाव आणि काम उघड सांगणाऱ्याला चोर कसं म्हणायचं?

अर्थात रसेल यांच्यावर दोष येतच नाही असं मी म्हणत नाही. त्यांच्या एका पत्राने चार वर्षं एक बरोबर निष्कर्ष संशयात राहिला. आणि पुढच्या पाठ्यपुस्तकांनी 'रसेल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिलं' एवढंच उतरवून घेतलं. मूळ लेखातला मिस पेन यांचा उल्लेख वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली. श्रेय गेलं ते असं, पिढ्यान्पिढ्यांच्या आळसाने, आणि त्या आळसात आपल्या हातातली पुस्तकंही येतात. पेनबाईंनी स्वतः आत्मचरित्रात आपण वडीलधाऱ्यांच्या अधिकारापुढे नमलो याची खंत केली आहे आणि तरुणांना बजावलं आहे: पुराव्याची खात्री असेल तर आपली बाजू सोडू नका.

रूपविकारी ताऱ्यांचा दावा थोडक्यात आटोपते. १९३३ मध्ये गॉटिंगेनच्या एका परिषदेत त्यांना सेर्गेई गापोश्किन भेटले. ते जर्मनीत अडकलेले रशियन निर्वासित खगोलज्ञ होते. पेनबाईंनी खटपट करून त्यांना अमेरिकेत आणलं आणि १९३४ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढे त्यांनी मिळून, मदतनिसांसह, या ताऱ्यांची साडेबारा लाखांहून जास्त निरीक्षणं प्लेटांवरून केली आणि नंतर मॅगेलनी मेघांमधल्या (आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमधल्या) ताऱ्यांची आणखी वीस लाख. काम अफाट आहे. पण 'सगळं तिच्यामुळे' म्हणताना हेन्रिएटा लेव्हिट यांचं नाव पुसलं जातं. रूपविकारी ताऱ्याचा आवर्तनकाळ आणि त्याची तेजस्विता यांचा संबंध लेव्हिट यांनी १९१२ मध्ये त्याच वेधशाळेत, त्याच प्लेटांवरून मांडला होता, आणि दीर्घिकांची अंतरं मोजायची पट्टी तिथून मिळाली. एका बाईचा गौरव करताना दुसरीला पुसून टाकणं मला पटत नाही.

मजकुराचं शेवटचं वाक्य, पाटी नसल्याचं, आधीच घेते. अमेरिकन खगोलशास्त्र संस्थेचा ॲनी कॅनन पुरस्कार १९३४ मध्ये सर्वांत आधी त्यांनाच मिळाला. २०३९ क्रमांकाच्या लघुग्रहाला पेन-गापोश्किन हे नाव आहे. हार्वर्डच्या युनिव्हर्सिटी हॉलमध्ये २००२ मध्ये त्यांचं तैलचित्र लागलं. ब्रिटनच्या भौतिकी संस्थेचं त्यांच्या नावाचं पदक आहे. खगोलज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी त्यांच्या प्रबंधाला खगोलशास्त्रातला निःसंशय सर्वांत तेजस्वी पीएच.डी. प्रबंध म्हटलं, ते १९६२ मध्ये, त्या हयात असताना. आणि १९७६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्र संस्थेचाच, आयुष्यभराच्या कामासाठी दिला जाणारा सन्मान त्यांना मिळाला. त्या सन्मानाचं नाव हेन्री नॉरिस रसेल व्याख्यान, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. ज्यांना 'कुणी ओळखत नाही' म्हणून हा मजकूर फिरतो, त्यांना त्यांच्या क्षेत्राने चांगलंच ओळखलं होतं. शाळेच्या पुस्तकांनी ओळखलं नाही ही गोष्ट खरी, आणि ती आपल्याला दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

राहिला प्राध्यापकपदाचा दावा. 'हार्वर्डची पहिली महिला प्राध्यापक' हे तंतोतंत खरं नाही. इतिहासाच्या हेलन कॅम यांना १९४८ मध्ये, खास बाईसाठी देणगीतून निर्माण झालेल्या पदावर, बाहेरून आणून प्राध्यापक नेमलं होतं. पेनबाई कला-विज्ञान शाखेत खालून वर चढत पूर्ण प्राध्यापक झालेल्या पहिल्या, आणि पुढे विभागप्रमुख झालेल्याही पहिल्या. मजकुराच्या दृष्टीने हे एक पदक आहे, मिळालं आणि झालं. पण मी जे म्हणत होते की अन्याय वेगळाच होता, तो नेमका या ओळीच्या मागे आहे.

त्यांची पीएच.डी. हार्वर्डची नाही, रॅडक्लिफ या हार्वर्डला जोडलेल्या मुलींच्या कॉलेजची आहे, कारण हार्वर्ड बायकांना डॉक्टरेट देतच नव्हतं. भौतिकशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी बाई उमेदवार घ्यायला नकार दिला, म्हणून ती खगोलशास्त्रात नोंदली गेली. या विषयातली रॅडक्लिफची ती पहिली पीएच.डी. नंतर शॅपली यांनी त्यांना वेधशाळेत ठेवून घेतलं, पण विद्यापीठाची नेमणूक नव्हती. अध्यक्ष लोवेल यांनी सांगून टाकलं होतं, की आपण जिवंत असेपर्यंत मिस पेन यांना विद्यापीठात जागा मिळणार नाही. त्यांचा पगार वेधशाळेच्या अंदाजपत्रकात 'उपकरणं' या सदरातून निघे. म्हणजे हिशेबाच्या वहीत दुर्बिणीच्या भिंगाचा खर्च आणि ताऱ्यांचं रसायन उलगडणाऱ्या बाईंचं वेतन शेजारीशेजारी.

त्या पदव्युत्तर वर्ग घेत होत्या, संशोधनाला मार्गदर्शन करत होत्या, आणि त्यांचे अभ्यासक्रम १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात छापले जात नव्हते. विद्यार्थी येऊन बसत, शिकत, परीक्षा देत, आणि छापील कागदावर त्या वर्गाला अस्तित्व नव्हतं. शिकवणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय ते मला फोड करून सांगावं लागत नाही. नाव नाही, म्हणजे अनुभव धरला जात नाही, बढती मागायला आधार राहत नाही, आणि तुमच्यापुढे बसलेल्या मुलीला तुमची जागा ही एक जागा आहे हेच कळत नाही. १९३८ मध्ये त्यांना 'खगोलज्ञ' असं पद मिळालं. तोवर त्यांची दोन मोठी पुस्तकं येऊन गेली होती आणि घरी मुलंही होती. पुढे डोनाल्ड मेन्झेल वेधशाळेचे संचालक झाले तेव्हा त्यांनी पेनबाईंचा पगार पाहिला, थक्क झाले आणि दुप्पट केला. २१ जून १९५६ ला त्या प्राध्यापक झाल्या. तेव्हा त्यांचं वय ५६ होतं. त्यांच्या हाताखालून फ्रँक ड्रेक, पॉल हॉज यांच्यासारखे खगोलज्ञ तयार झाले.

हे सगळं मजकुरात नाही, कारण यात नाट्य नाही. कुणी कुणाचा कागद पळवला नाही. रसेल यांना चोर ठरवलं की मन मोकळं होतं आणि हार्वर्ड सुटून जातं. पण प्रबंध छापला गेला १९२५ मध्ये आणि प्राध्यापकपद आलं १९५६ मध्ये. या ३१ वर्षांतली एका निष्कर्षावरच्या अविश्वासाची चार वर्षं फार तर रसेल यांच्या खात्यावर टाका. राहिलेली २७ वर्षं नेमणूक नाकारणाऱ्या अध्यक्षांची आहेत, बाई चालणार नाही म्हणणाऱ्या विभागाची आहेत, 'उपकरणं' या रकान्यात पगार लिहिणाऱ्या आणि वर्गाची नोंद न करणाऱ्या कचेरीची आहेत.